ध्रुवीय हिवाळ्यातील ओझोनचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपल्यापैकी अनेकांना अधिक आहे. त्यांच्या एका परिपाठाविषयी मात्र मी ऐकले आहे. रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी ते फलकावर त्या दिवसाचे तपमान लिहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत फलक वाचायला कोणी नसे, तरीही तो आकडा वहीत नोंदविला जाई. त्या वहीचा उपयोग काय, असा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात आलाही असेल. नोंदीचे मोल नोंद करणाऱ्याला त्या दिवशी कळत नाही, ते पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी दुसऱ्याच कोणाला तरी कळते. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात सामावलेले आहे. ते मी एका दूरच्या उदाहरणाने मांडणार आहे.

उदाहरण आहे पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरील हिवाळ्याचे. तेथे पंधरा ते वीस किलोमीटर उंचीवर ओझोन नावाचा वायू दर वर्षी किती नष्ट होतो, आणि तो नष्ट झाला हे माणसाने कसे मोजले, हा आजचा विषय. तापीकाठच्या सिंधीपुऱ्यात बसून ध्रुवावरील हवेची चिंता कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की या वायूचे छत्र सर्वांच्या डोक्यावर सारखेच आहे. दुसरे असे की ज्या युक्तीने हे मोजमाप शेवटी साधले, तिचे मर्म समजून घ्यायला बुऱ्हाणपूरच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. त्याकडे मी ओघाने येईन.

आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो त्याच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा वायू मुख्यतः दहा ते पन्नास किलोमीटरच्या दरम्यान, स्थितांबर नावाच्या थरात आढळतो. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी जे सजीवांस घातक, ज्यांच्यामुळे त्वचेचे कर्करोग आणि डोळ्यांतील मोतीबिंदू वाढतात, पिकांची हानी होते, त्यांतील बहुतांश हा वायू वरच्यावर शोषून घेतो. एवढे मोठे काम करणारा हा वायू आहे तरी किती? आपल्या डोक्यावरील सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तपमानात पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. या जाडीच्या शंभराव्या मिलिमीटरला एक डॉब्सन एकक म्हणतात. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० एकके.

हे नाव ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ गॉर्डन डॉब्सन यांचे. त्यांनी १९२० च्या दशकात ओझोन मोजण्याचे उपकरण सिद्ध केले. त्यामागील कल्पना सरळ आहे. सूर्यप्रकाशातील दोन अतिनील तरंगलांबी निवडायच्या, एक ओझोन भरपूर शोषतो अशी आणि दुसरी फारशी शोषत नाही अशी. जमिनीवर पोहोचलेल्या दोहोंच्या तीव्रतेची तुलना केली की वाटेत किती ओझोन होता ते निघते. १९२८-२९ च्या सुमारास डॉब्सन यांनी आपली उपकरणे जगात दूरदूरच्या ठिकाणी पाठविली. त्यांतील एक आपल्या देशात, कोडाईकनाल येथे आले.

भारतातील ओझोनसंशोधनाची परंपरा येथून सुरू होते. पुढे तिला कल्पथी रामकृष्ण रामनाथन यांच्यासारखा धुरंधर लाभला. हवामान खात्यात प्रदीर्घ सेवा करून ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले, आणि १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्या ओझोनविषयक शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून करंदीकर आणि कुलकर्णी ही मराठी नावे दिसतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९४९ मध्ये रामनाथन आणि करंदीकर यांनी धूळ आणि धुरकट हवा यांमुळे डॉब्सन उपकरणाच्या मोजमापात कोणता दोष शिरतो याची चिकित्सा केली. आपल्याकडच्या धुळीने भरलेल्या आकाशाखाली काम करणाऱ्यालाच सुचावा असा हा प्रश्न. आपले उपकरण कोठे फसते हे आधी शोधायचे आणि मग आकडा सांगायचा, ही शिस्त तेव्हाच रुजली.

या परंपरेचे दुसरे पीठ पुणे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी उपकरणे घडविण्याचे काम पुण्यात चालूच राहिले. १९४८ मध्ये तेथे अण्णा मणी रुजू झाल्या. जन्माने त्या केरळच्या, पण त्यांच्या कार्याचा मोठा भाग पुण्याशी बांधलेला आहे. स्वातंत्र्यानंतर साधी हवामान उपकरणेही परदेशातून आणावी लागत. अण्णा मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनविण्याचा मार्ग मोकळा केला. १९६० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय ओझोनसाँड तयार झाले.

ओझोनसाँड म्हणजे फुग्याला टांगून वर सोडण्याचे हलके उपकरण. एक लहानसा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपाने खेळवितो. हवेतील ओझोन त्या द्रावणातून आयोडीन मोकळे करतो, त्यामुळे एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह ओझोनच्या प्रमाणात असतो. फुगा वर चढत असता हा आकडा रेडिओसंदेशाने जमिनीवर येत राहतो. जमिनीवरचे डॉब्सन उपकरण डोक्यावरचा एकूण ओझोन सांगते. ओझोनसाँड तो कोणत्या उंचीवर किती आहे तेही सांगते, आणि मुख्य म्हणजे त्याला सूर्यप्रकाशाची गरज नसते. ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य आठवडेच्या आठवडे उगवत नाही. डॉब्सन उपकरण तेव्हा फार तर चंद्रप्रकाशावर चालवावे लागते. द्रावणाच्या त्या लहानशा कुपीला मात्र दिवस आणि रात्र सारखीच. ध्रुवीय हिवाळ्याचा हिशेब मांडायचा तर असेच साधन हवे होते.

आता दक्षिण ध्रुवाकडे वळू. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश केंद्रावर डॉब्सन उपकरणाची नियमित नोंद सुरू झाली. ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ अखंड चालली. त्यातून काही निष्पन्न होईल अशी कोणाची विशेष अपेक्षा नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑक्टोबर महिन्याचे, म्हणजे तेथील वसंत ऋतूचे आकडे घसरू लागले. पूर्वी ३०० एककांच्या आसपास असणारा ओझोन १९८४ पर्यंत २०० एककांच्या घरात आला. जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम संशय घेतला तो आपल्या जुन्या उपकरणावर. दुसरे उपकरण नेऊन त्यांनी खात्री करून घेतली, आणि मगच १६ मे १९८५ च्या ‘नेचर’ नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जपानच्या स्योवा केंद्रावर शिगेरू चुबाची यांनाही अशीच घट आढळली होती, ती त्यांनी १९८४ मध्ये मांडली होती. अमेरिकेच्या उपग्रहालाही ही घट दिसत होती. मात्र १८० एककांखालील आकडे संशयास्पद म्हणून वेगळे ठेवले जात होते, आणि त्यांची छाननी पुरी होण्याआधी हॅली बेचा निबंध आला. महागड्या उपग्रहाला साध्या उपकरणाने हरविले, असा या गोष्टीचा अर्थ काढू नये. दोघांनीही शंका घेतली, आणि ती योग्यच होती. फरक इतकाच की एकाजागी दीर्घकाळ ठेवलेली नोंद हाताशी असल्यामुळे हॅली बेच्या निरीक्षकांना शंकेचे निरसन लवकर करता आले.

कारणाचा शोधही वेगाने लागला. शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू स्थितांबरात जाऊन क्लोरिन मोकळा करतील, असा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच दिला होता. परंतु घट ध्रुवावर आणि तीही वसंतात का, याचा उलगडा त्यातून होत नव्हता. १९८६ मध्ये सुसान सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण सुचविले. ध्रुवीय हिवाळ्यात वाऱ्यांचा प्रचंड भोवरा आतली हवा कोंडून धरतो. तिचे तपमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की विरळ ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर क्लोरिनची निरुपद्रवी संयुगे फुटून घातक रूप घेतात. ही तयारी अंधारात होते, आणि सूर्य परतताच विध्वंस सुरू होतो. क्लोरिन स्वतः खर्ची न पडता ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९८७ मध्ये चिलीतील पुंता अरेनास येथून उडालेल्या संशोधक विमानाने भोवऱ्याच्या आत शिरताच क्लोरिन मोनॉक्साइड वाढते आणि ओझोन कोसळतो, हे प्रत्यक्ष नोंदविले.

या सुमारास भारतीयही अंटार्क्टिकावर होते. ९ जानेवारी १९८२ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी तेथे उतरली, १९८३-८४ मध्ये दक्षिण गंगोत्री हे केंद्र उभे राहिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथून, आणि पुढे मैत्री या केंद्रावरून, पुण्याच्या परंपरेतील भारतीय ओझोनसाँड ध्रुवीय आकाशात चढू लागले. सप्टेंबर-ऑक्टोबरात चौदा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ओझोन कसा कोसळतो, हे आपल्या माणसांनी आपल्या हातच्या उपकरणाने टिपले. हिमवादळात फुगा भरून सोडणे हे काय काम असेल याची कल्पना करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वहीत तपमान लिहिणे आणि अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात फुगा सोडणे, यांत कष्टांचा फरक मोठा असला तरी वृत्ती एकच.

येथपर्यंत आपण दक्षिणेचे बोललो. तेथे भोवरा बळकट असतो, बाहेरून ओझोन फारसा आत येत नाही, त्यामुळे झालेले नुकसान उघड दिसते. खरी कसोटी उत्तरेत लागली. उत्तर ध्रुवावरील भोवरा दुबळा, हिवाळा एका वर्षी कडक तर दुसऱ्या वर्षी सौम्य. शिवाय तेथे हिवाळाभर वरून ओझोनने समृद्ध हवा खाली उतरत असते, त्यामुळे एकूण ओझोन वसंतापर्यंत स्वभावतःच वाढतो. मग नुकसान मोजायचे कसे? आपल्या व्यापारी बंधूंना हे चटकन कळेल. समजा, डिसेंबरात गल्ल्यात ३०० रुपये होते आणि मार्चमध्ये ३२० निघाले. वीस रुपये वाढले म्हणून खूश होणारा मनुष्य व्यापारी नव्हे. मध्यंतरी १०० रुपये जमा झाले असतील, तर ८० रुपये कोठे तरी गेले आहेत. शिल्लक पाहून नुकसान कळत नाही, जमा-खर्चाची वही लागते. उत्तर ध्रुवावरचा ओझोन ‘पुरेसा’ दिसत असताना त्यातून मोठी रक्कम नाहीशी होत असणे शक्य होते. याउलट, एखाद्या वर्षी ओझोन कमी दिसला म्हणून रसायनांना दोष द्यावा, तर त्या वर्षी वाऱ्यांनीच कमी आणला असणेही शक्य होते.

आता मी आपल्या गावाकडे येतो. येथील कुंडी भंडारा आपणांपैकी प्रत्येकाने पाहिला आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, तबकुतुल अर्ज या फारसी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून नगराकडे आणले. त्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. पाणी खालून वाहत जाते आणि प्रत्येक कुंडीतून तेच पाणी क्रमाने दिसते. या पाण्यात चुना असतो आणि तो भुयाराच्या भिंतींवर साचत जातो. आता प्रश्न असा की वाटेत पाण्यातला किती चुना भिंतीवर राहतो? केवळ खालच्या कुंडीतले पाणी तपासून हे कळणार नाही. चुना कमी आढळला तर तो भिंतीवर बसला म्हणून कमी, की आज मुळातच दुसरे पाणी आले म्हणून कमी? उपाय एकच. वरच्या कुंडीत पाणी तपासावे, ते वाहत खालच्या कुंडीपाशी केव्हा पोहोचेल याचा हिशेब करावा, आणि नेमक्या त्या वेळी तेच पाणी पुन्हा तपासावे. मधे बाजूने नवे पाणी झिरपले नसेल, तर दोन आकड्यांतील फरक म्हणजे भिंतीवर बसलेला चुना.

उत्तर ध्रुवावर शास्त्रज्ञांनी हेच केले. या पद्धतीचे नाव ‘मॅच’, म्हणजे जोड जुळविणे. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतील पेटर फॉन डेर गाथेन आणि मार्कुस रेक्स यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. १९९१-९२ च्या हिवाळ्यात युरोपीय मोहिमेत पुष्कळ ओझोनसाँड सोडण्यात आले होते. त्या नोंदींतून, एकच हवा योगायोगाने दोन केंद्रांवर मोजली गेली आहे अशा जोड्या त्यांनी वाऱ्यांच्या नोंदींच्या आधारे शोधून काढल्या. १९९४-९५ पासून योगायोगावर विसंबणे सोडले. एका केंद्रावरून ओझोनसाँड चढले की त्याने मोजलेली हवा पुढे कोठे जाईल याचे गणित करायचे. ती काही दिवसांनी ज्या केंद्रावरून जाणार असेल तेथे निरोप धाडायचा, आणि त्या केंद्राने नेमक्या वेळी आपला फुगा सोडायचा. तीसहून अधिक केंद्रे या कामात गुंतली. ज्या हवेत वाटेत दुसरी हवा मिसळल्याचा संशय येई, ती जोडी बाद होई. हवा किती खाली उतरली याचीही वजाबाकी केली जाई. अशा शेकडो जोड्यांवरून एक गोष्ट निर्विवाद दिसली. हवेने वाटेत जितके तास सूर्यप्रकाशात काढले, त्या प्रमाणात ओझोन घटला होता, आणि अंधारात काढलेल्या तासांत तो जवळजवळ घटला नव्हता. वारा ऊन पाहून ओझोन नेत नाही. तेव्हा हा विध्वंस रासायनिक आहे, याला याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

तरीही एका पद्धतीवर भिस्त ठेवायची नाही, हा शास्त्राचा नियम. म्हणून दुसरी वाट चोखाळण्यात आली. हवेत नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू असतो. स्थितांबरात तो ओझोनबरोबर प्रवास करतो, परंतु हिवाळ्यातील या रासायनिक घडामोडीत भाग घेत नाही. हिवाळ्याच्या आरंभी या दोहोंचे परस्परप्रमाण ठरलेले असते. हवा खाली उतरो वा सरको, ते फारसे बिघडत नाही. वसंतात तेच प्रमाण तपासले आणि सोबत्याच्या मानाने ओझोन कमी भरला, तर तेवढे नुकसान वाटेत झाले असे समजायचे. फुगे, विमाने आणि उपग्रह यांच्या आधारे अशा वेगवेगळ्या मार्गांनी काढलेली उत्तरे एकमेकांशी जुळू लागली, तेव्हा शास्त्रज्ञांचा आकड्यांवर विश्वास बसला.

या आकड्यांनी काय सांगितले? १९९९-२००० च्या थंड हिवाळ्यात सुमारे अठरा किलोमीटर उंचीवर निम्म्याहून अधिक ओझोन नष्ट झाला. २०११ च्या वसंतात अठरा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ८० टक्क्यांहून अधिक ओझोन गेला, आणि उत्तरेतील हानी प्रथमच दक्षिणेच्या तोलाची ठरली. २०२० मध्ये भोवरा असाधारण बळकट आणि दीर्घजीवी ठरून काही ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक ओझोन नाहीसा झाला. याउलट सौम्य हिवाळ्यात हानी अल्प राहते. म्हणजे क्लोरिन तोच असला, तरी नुकसान किती हे थंडी ठरविते.

एवढा सूक्ष्म हिशेब कशासाठी? १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, आणि क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन जगभर थांबविण्यात आले. हा करार यशस्वी होत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली सिद्ध झालेल्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, आजची धोरणे पाळली गेली तर ओझोन १९८० च्या पातळीवर परतेल तो उत्तर ध्रुवावर २०४५ च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. परंतु हे वायू अनेक दशके हवेत टिकतात. मधल्या काळात एखादा कडक हिवाळा आला आणि ओझोन कोसळला, तर लोक म्हणतील की करार फसला. एखादा सौम्य हिवाळा आला, तर म्हणतील की आता निर्बंधांची गरज नाही. ही दोन्ही विधाने चूक ठरवायची असतील, तर थंडीचा वाटा किती, वाऱ्याचा किती आणि क्लोरिनचा किती, हे दर हिवाळ्यात वेगळे मांडता आले पाहिजे. आणि मोजणारा डोळा मिटला तर लबाडीही खपते. बंदी असलेल्या सीएफसी-११ या वायूची हवेतील घट अपेक्षेपेक्षा मंदावल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले, म्हणजे कोणी तरी तो पुन्हा बनवीत होते. नियमित नोंदी चालू होत्या म्हणून ही चोरी पकडली गेली, आणि त्यानंतरच्या वर्षांत ती बरीच आटोक्यात आली.

विद्यार्थी मित्रांनो, २०६६ मध्ये तुमच्यापैकी दहावीत असलेल्यांनी पन्नाशी ओलांडलेली असेल. अंटार्क्टिकाचे छत्र पुरते सांधले की नाही हे आम्ही पाहणार नाही, तुम्ही पाहाल. तोपर्यंत कोणी तरी दर आठवड्याला फुगा भरत राहिला पाहिजे, द्रावणाची कुपी तपासत राहिला पाहिजे, आणि आकडा अनपेक्षित आला म्हणून तो खोडू नये, तसाच घाईने छापूही नये. त्या कोणी तरींपैकी एखादा सिंधीपुऱ्याच्या या शाळेतून निघावा, असे मला मनापासून वाटते. भारताची केंद्रे अंटार्क्टिकावर आहेत. उत्तरेत स्वालबार्ड बेटांवरही २००८ पासून हिमाद्री हे केंद्र आहे. तेथे जाण्याची वाट तुमच्या प्रयोगशाळेतील तपमापकाच्या अचूक वाचनापासून सुरू होते.

गुरुजींची ती वही आज कोणाजवळ असेल तर तिने ती जपावी, आणि नसेल तर उद्या सकाळी एखाद्या विद्यार्थ्याने नवी उघडावी. स्मृतिव्याख्यानाहून ते अधिक खरे स्मारक होईल.